पुराणवस्तुव्यापाराची परिभाषा

पुराणवस्तुव्यापाराची परिभाषा : जुनी नाणी, दागिने, भांडी, दिवे, शस्त्रे, मूर्ती, चित्रे, हस्तलिखिते इ. पुरातन व संग्राह्य वस्तूंच्या क्रयविक्रयात रूढ असलेले शब्द. मराठी मुलखात ही परिभाषा एकजिनसी नाही. तिचा जुना थर सराफी पेढीतून आलेला असून त्यात वस्तूचे मोल धातूचे वजन व कस यांवर ठरते. दुसरा थर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कायदा, वस्तुसंग्रहालय आणि लिलावगृह यांच्याद्वारे आला. त्यात वस्तूचे वय, अवस्था, दुर्मिळता व पूर्ववृत्त यांना महत्त्व आहे. एकाच वस्तूची या दोन परिभाषांत दोन भिन्न मोले होतात. विकणाऱ्यास फक्त पहिलीच अवगत असेल, तर वस्तू बहुधा मुशीत जाते. त्यामुळे कोणत्या वस्तू टिकल्या व कोणत्या वितळल्या, याचा उलगडा या शब्दांच्या इतिहासातूनही होतो.

या दोन परिभाषांतील अंतर सातपुड्याच्या पायथ्याशी विशेष स्पष्टपणे दिसते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्यातील शहादा तालुक्यातील म्हसावद हे गाव तापीखोऱ्यातील सपाट शेतीचा प्रदेश आणि अक्राणीचा डोंगराळ मुलूख यांच्या सांध्यावर आहे. या भागातील भिल्ल व पावरा समाजांत चांदीची कडी, वाळे, साखळ्या, कमरेचे करगोटे आणि नाण्यांच्या माळा यांची परंपरा मोठी आहे. हे अलंकार लग्नकार्यात व सणात मिरवण्याचे असतात, तसेच ते कुटुंबाची शिल्लकही असतात : पीक हाती आले म्हणजे घ्यायचे आणि अडचण आली म्हणजे गहाण टाकायचे किंवा मोडायचे. अशी अडचण बहुधा पावसाळ्यात किंवा आजारपणात येते आणि सौदा घाईत होतो. अशा सौद्यात बोलले जाणारे सर्व शब्द सराफीचे असतात; वस्तूच्या वयाचा व घडणीचा विचार करणारा एकही शब्द त्यात सहसा येत नाही.

सराफी शब्द : ‘सराफ’ हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ नाण्यांची अदलाबदल करणारा असा आहे. ‘पारख’ व ‘पारखी’ हे शब्द संस्कृत ‘परीक्षा’, ‘परीक्षक’ यांवरून आले. नाणी पारखण्याचा व्यवसाय फार प्राचीन असून कौटिलीय अर्थशास्त्रात या अधिकाऱ्यास ‘रूपदर्शक’ म्हटले आहे. मराठेशाहीत खजिन्यातील नाणी पारखण्याचे काम पोतदाराकडे असे. पेशवाईच्या काळात अनेक टांकसाळींचे रुपये एकाच वेळी चलनात होते. पुण्याचा अंकुशी, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी अशी त्यांची नावे होती. एका रुपयाच्या मोबदल्यात दुसरा घेताना जी वजावट होई, तिला ‘बट्टा’ किंवा ‘वटाव’ म्हणत. जुन्या वस्तूच्या किंमतीतून काही ना काही कापले जाणारच, ही बाजारातील समजूत या वटावाच्या व्यवहारात मुरलेली आहे.

वजनाच्या जुन्या कोष्टकात ८ गुंजांचा एक मासा व १२ मासे म्हणजे एक तोळा. ब्रिटिश अंमलात १८३३ मध्ये तोळ्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११·६६ ग्रॅ. ठरविण्यात आले. १८३५ च्या कायद्यान्वये कंपनी सरकारचा जो एकसारखा रुपया निघाला, त्याचे वजनही तेवढेच होते. त्यामुळे रुपया हे चलनही होते आणि तराजूत टाकण्याचे वजनही होते. ‘रुपयाभार’ हा शब्द त्याचीच खूण होय. भारतात वजनमापांच्या मानकांचा कायदा १९५६ मध्ये झाला व दशमान पद्धती आली. तथापि सराफबाजारात तोळा हा शब्द टिकून राहिला आणि त्याचा व्यवहारातील अर्थ १० ग्रॅ. असा झाला. आजोबांच्या काळी वीस तोळ्यांचा म्हणून घडविलेला करगोटा झिजला नसेल, तर आज सुमारे २३३ ग्रॅ., म्हणजे बाजारभाषेतील तेवीस तोळ्यांहून थोडा अधिक भरतो. घरात चालत आलेला ‘वीस तोळे’ हा शब्द प्रमाण मानून, वस्तू तराजूत न घालता सौदा केल्यास तीस ग्रॅमहून अधिक चांदीचे मोल विक्रेत्याच्या पदरी पडत नाही. शब्द तोच राहून त्याचा अर्थ बदलला, म्हणजे तोटा कसा होतो, याचे हे उदाहरण होय.

‘कस’ म्हणजे धातूची शुद्धता व ‘कसोटी’ म्हणजे ती ठरविण्याचा काळा दगड. शुद्ध धातू ‘चोख’, मिसळलेला हलका धातू ‘हीण’ आणि भेसळीचा माल ‘हिणकस’ होय. दागिना करताना कारागिराच्या श्रमाबद्दल घेतात ती ‘घडणावळ’. वितळविताना होणारी तूट ती ‘घट’. वितळविण्यासाठी घेतलेल्या दागिन्यास ‘मोड’ म्हणतात. मोडीच्या भावात घडणावळ धरीत नाहीत आणि घट वजा करतात. घेताना घडणीचे पैसे द्यावयाचे व विकताना घडण शून्य धरावयाची, हा मोडीच्या व्यवहाराचा पाया आहे. नवा दागिना घेण्यासाठी जुना देणाऱ्याच्या दृष्टीने तो रास्तही असेल. मात्र ज्या वस्तूचे खरे मोल तिच्या घडणीत, घाटात व जुनेपणात आहे, तीही या एका शब्दाने केवळ धातू ठरते.

याच्या उलट ‘नग’ हा शब्द आहे. ‘वजनावर’ घेतलेली वस्तू तराजूने मोजली जाते, तर ‘नगावर’ घेतलेली एकेक पाहून तिची किंमत करतात. सराफी परिभाषेतून संग्राहकांच्या परिभाषेत जाण्याचा उंबरठा याच शब्दाशी आहे. सर्व माल एकत्र धरून, न मोजता ठरविलेला सौदा तो ‘उक्ता’. घरातील जुने सामान अनेकदा उक्ते जाते व त्यातील एखादी मौल्यवान वस्तू भांड्यांच्या भावात निघून जाते. पसंत न पडल्यास परत करण्याच्या अटीवर माल नेणे म्हणजे ‘जाकड’ नेणे आणि सौदा पक्का करण्यासाठी आगाऊ दिलेली रक्कम म्हणजे ‘विसार’. जाकड मालाची लेखी नोंद नसल्यास मालकी कोणाची, हा वाद उद्भवतो. व्यापाऱ्यांमध्ये ‘नंदभाषा’ नावाची सांकेतिक बोलीही होती. तिच्यात अंकांना वेगळी नावे असल्याने गिऱ्हाइकासमोर भाव ठरवूनही त्यास तो कळत नसे.

निधी व कायदा : जमिनीत पुरलेल्या धनास संस्कृतात ‘निधी’ म्हणतात. त्याची वार्ता देणाऱ्यास सहावा हिस्सा आणि तो नोकर असल्यास बारावा हिस्सा द्यावा, असे अर्थशास्त्रात सांगितले आहे. ब्रिटिश अंमलात १८७८ मध्ये भूमिगत निधीसंबंधीचा कायदा झाला. दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले द्रव्य सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्यास कळविणे त्याने बंधनकारक केले. मूळ मालक न आढळल्यास आणि सापडणारा व जमिनीचा मालक यांच्यात वेगळा करार नसल्यास तीनचतुर्थांश हिस्सा सापडणाऱ्याचा व एकचतुर्थांश जमीनमालकाचा ठरतो. शासनास तो निधी हवा असल्यास धातूची किंमत व तिचा पाचवा भाग एवढी रक्कम देऊन तो घेता येतो. येथे लक्षणीय गोष्ट अशी, की ऐतिहासिक वस्तू वाचविण्यासाठी उपयोगी पडणाऱ्या या कायद्यानेही मोल ठरविताना सराफाचाच तराजू हाती घेतला. इतिहासाचे मोल त्याने धातूच्या एकपंचमांशाइतके धरले.

असा निधी एकत्र राहिला, तर काय साधते हे जोगलटेंभी येथील शोधाने दाखविले. नासिकजवळच्या या ठिकाणी १९०६ मध्ये क्षहरात क्षत्रप नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. नाणकशास्त्रात अशा नाण्यास ‘पुनर्मुद्रांकित’ म्हणतात. गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केल्याचे नासिकच्या शिलालेखावरून माहीत होते. जिंकलेल्या राजाचे चलन जेत्याने आपल्या नावाने चालविल्याचा प्रत्यक्ष पुरावा या नाण्यांनी दिला. मोडीच्या दृष्टीने दोन ठसे उमटलेले, अक्षरे पुसट झालेले नाणे आणि स्वच्छ नाणे यांत काहीच भेद नाही. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो पुसटपणा हीच माहिती होय आणि साठा फुटता, तर दोन प्रकारच्या नाण्यांचे प्रमाण कधीच कळले नसते.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, पुराणवस्तूंच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. त्याची जागा पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ याने घेतली. तो ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आला. त्याने ‘पुराणवस्तू’ या शब्दास निश्चित अर्थ दिला : नाणे, शिल्प, चित्र, कोरीव लेख, कारागिरीची वस्तू इ. किमान शंभर वर्षे जुनी असावी; शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन वा सौंदर्यदृष्ट्या मोलाचे हस्तलिखित वा दस्तऐवज असल्यास पंचाहत्तर वर्षे पुरेत. पुराणवस्तू नसलेली, परंतु दिवंगत कलावंताची असून शासनाने तशी घोषित केलेली कलाकृती ती ‘कलानिधी’. पुराणवस्तूंचा व्यापार करण्यास परवाना आवश्यक असून खासगी व्यक्तीस त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. बाजारात मात्र ‘अँटिक’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. नव्या दागिन्यास काळपट झाक दिली, तरी तो ‘अँटिक’ म्हणून विकतात. तेथे या शब्दाने वय सूचित न होता केवळ रंगरूप सूचित होते. दागिन्यावरील शुद्धतेचा छाप, म्हणजे हॉलमार्क, भारतात सोन्यासाठी २००० पासून व चांदीसाठी २००५ पासून देण्यात येऊ लागला. तोही फक्त कस सांगतो. वय सांगत नाही.

संग्राहकांचे शब्द : महाराष्ट्रात नित्य वापरातील वस्तूंना ‘नग’ म्हणून पाहण्याची दृष्टी ज्यांनी रुजविली, त्यांत पुण्याचे दि. गं. केळकर (१८९६–१९९०) यांचे नाव अग्रगण्य आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी १९२० च्या सुमारास संग्रहास प्रारंभ केला. दिवे, अडकित्ते, कुलपे, भांडी, दरवाजे, वाद्ये अशा ज्या वस्तू तोपर्यंत मोडीत किंवा भंगारात जात, त्या त्यांनी गावोगाव हिंडून मिळविल्या व पुढे तो संग्रह महाराष्ट्र शासनास अर्पण केला. दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ संग्रहालयास ‘राजा’ हे नाव जोडलेले आहे. मुंबईतील चोर बाजार व पुण्याचा जुना बाजार यांसारख्या ठिकाणीही वजनाचा माल नगाचा होतो. गावातून तराजूने निघालेली वस्तू तेथे एकेक मांडून विकली जाते. भावातील या फरकाचा लाभ मधल्या व्यापाऱ्यास होतो, मूळ मालकास क्वचितच.

‘दुर्मिळ’ हा संग्राहकांचा मुख्य शब्द असला, तरी ‘जुने’ म्हणजे ‘दुर्मिळ’ नव्हे. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयांवर १८६२ हेच वर्ष १८७४ पर्यंत घातले जात होते. त्यामुळे दीडशे वर्षांचे असूनही हे नाणे विपुल आढळते व सामान्य प्रतीचे असल्यास त्यातील चांदीच्या मोलाहून फार पुढे जात नाही. अशा रुपयाच्या ११·६६ ग्रॅ. वजनात सुमारे १०·७ ग्रॅ. शुद्ध चांदी असते. १९४० पासूनच्या रुपयांत चांदी निम्म्यावर आली व १९४७ मध्ये निकेलचा रुपया निघाला; म्हणून नाण्यांच्या माळेतील प्रत्येक नाण्याचे वर्ष पाहिल्याशिवाय केलेला उक्ता सौदा एका पक्षास हमखास नुकसानीचा होतो. उलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया एका आकृतीमुळे वेगळा ठरला. राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी तक्रार झाल्याने त्याचे वितरण थांबवून बरीच नाणी वितळविण्यात आली व पुढील वर्षी आकृती सुधारण्यात आली. उरलेल्या नाण्यांना त्यामुळे विशेष मागणी आहे. मराठ्यांच्या तांब्याच्या शिवराईत, दोन ओळींच्या मजकुरामध्ये दुहेरी रेघ असलेल्या उत्तरकालीन प्रकारास ‘दुदांडी’ म्हणतात. हा शब्द नाणी हाताळणाऱ्यांच्या तोंडी घडलेला असून शास्त्रीय लेखनातही स्थिरावला आहे.

‘अवस्था’ किंवा ‘प्रत’ म्हणजे वस्तू किती झिजली, अक्षरे किती वाचता येतात, तुटफूट किती आहे याचे मान. तांब्या-पितळेवर काळाने चढणारा हिरवट थर म्हणजे ‘जंगाल’. घरगुती समजुतीप्रमाणे भांडे चिंचेने घासून लखलखीत करणे हे चांगले. संग्राहकाच्या दृष्टीने स्थिर झालेला तो थर वयाची साक्ष असून तो घासणे म्हणजे मोल उतरविणे होय. ‘डागडुजी’ उघड सांगितलेली असल्यास दोष नाही. ती लपविल्यास फसवणूक होते. एका समईचा तळ व दुसरीचा वरचा भाग जोडलेली वस्तू ‘जुळवलेली’ होय. ‘नक्कल’ व ‘बनावट’ यांतही भेद आहे : नक्कल ही नक्कल म्हणूनच विकली जाते, बनावट वस्तू अस्सल म्हणून. छत्रपती शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन अत्यंत दुर्मिळ असल्याने त्याचे बनावट नमुने वारंवार विक्रीस येतात.

लिलाव व पूर्ववृत्त : ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. लिलावात पुकारलेल्या रकमेस ‘बोली’ किंवा जुन्या व्यवहारात ‘सवाल’ म्हणतात. ज्या रकमेखाली मालक वस्तू देण्यास बांधलेला नसतो, ती ‘राखीव किंमत’. अखेरच्या बोलीवर लिलावगृहाचे शुल्क वेगळे आकारतात. म्हणून ‘वस्तू इतक्याला गेली’ या वाक्यातील आकडा बोलीचा की शुल्कासह, हे विचारावे लागते. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडन येथील लिलावातून नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांस मिळविली. तिचे पाते यूरोपीय पद्धतीचे असल्याने ती ‘फिरंग’ या प्रकारात मोडते. पात्यावर रघूजींचे नाव व ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब देवनागरीत कोरलेला असल्यामुळे ती कोणाची, हे तिच्यावरच लिहिलेले होते. पोलादाच्या भावाशी या रकमेचा काही संबंध नाही; मोल झाले ते पूर्ववृत्ताचे.

वस्तू कोठे मिळाली, कोणाकडे होती, कोणत्या क्रमाने हातोहात आली, याच्या वृत्तान्तास ‘पूर्ववृत्त’ किंवा ‘उद्गमवृत्त’ म्हणतात. नवीन परिभाषेतील हा सर्वांत महत्त्वाचा शब्द असून जुन्या परिभाषेत त्यास पर्याय नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका भिल्ल ग्रामस्थास झाडाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशी चार भरीव धातुशिल्पे सापडली. त्यांचे एकूण वजन ६० किग्रॅ. हून अधिक आहे. ती वितळली नाहीत व भारतीय प्राचीन कलेतील अपूर्व ठेवा म्हणून मान्य झाली. तथापि ती उत्खननात, निश्चित थरात न मिळाल्याने त्यांच्या काळासंबंधी विद्वानांत मतभेद राहिले. शिल्पे वाचली, परंतु मातीच्या थरातील त्यांचे नेमके स्थान नोंदले गेले नाही, आणि ते नंतर कितीही पैसे देऊन मिळत नाही.

म्हसावदच्या परिसरासही हा धडा लागू आहे. शहादा तालुक्यातील प्रकाशे येथे तापी व गोमाई यांच्या संगमावर ब. कृ. थापर यांनी १९५४-५५ मध्ये केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासूनच्या वसाहतीचे थर उघड झाले. अशा प्राचीन वस्तीच्या प्रदेशात नांगराला लागलेले नाणे किंवा भांडे ही निधी व पुराणवस्तू या दोन्ही अर्थांनी नोंदविण्याची बाब ठरते. डोंगरातून विक्रीस येणाऱ्या अलंकारांचा प्रश्न निराळा आहे. ते विकण्याचा मालकास पूर्ण हक्क आहे आणि निकडीच्या वेळी मोडीखेरीज दुसरा मार्ग नसतोही. परंतु सौद्यापूर्वी वस्तू ग्रॅममध्ये तोलून पाहणे, नाण्यांची वर्षे वाचणे, नगाचा भाव विचारणे आणि वजन, कस व घट यांची लेखी पावती घेणे, एवढ्याने सराफी परिभाषेतील विषमता बरीच कमी होते. तसेच अलंकार कोणत्या गावचा, कोणी घडविला, कोणत्या प्रसंगी घालत, त्यास घरात काय म्हणत, हे विक्रीपूर्वी लिहून ठेवल्यास वस्तू गेली, तरी तिचे वृत्त उरते. भिल्ली व पावरी बोलींतील अलंकारांची नावे सराफाच्या वहीत येत नाहीत. तेथे केवळ ‘चांदी, मोड’ एवढीच नोंद होते. ही नावे वस्तूंबरोबर नाहीशी होऊ नयेत, यासाठी ती विकणाऱ्या घरीच नोंदवावी लागतात.